छापलेला बॅच नंबर

छापखान्यात त्यांना सगळे मामाच म्हणत, मालकसुद्धा. खरी भाची मात्र एकच. शनिवारी दुपारी ती न कळवता दारात उभी राहिली, तेव्हा मामांना वाटलं, आईशी पुन्हा खटका उडाला असणार.

"आईला सांगणार नाहीस ना?" आत येता येताच तिने विचारलं.

"आधी ऐकू तर दे. सांगायचं की नाही ते मग ठरवतो."

तिने पर्समधून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. वजन कमी करायचं इंजेक्शन. पेनासारखं असतं, आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीने आणि तिने जोडीने घेतलं होतं, जिमच्या सरांकडून. डॉक्टरांकडेही ती जाऊन आली होती, पण ते म्हणाले, आधी तपासण्या करू, मग बघू. तेवढा धीर तिच्यात उरला नव्हता.

"घरात पाऊल टाकलं की सगळ्यांचे डोळे माझ्या ताटावर," ती म्हणाली. "तुझी बहीण तर माझे घास मोजते. मला आता ऐकून घ्यायचं नाही. तू फक्त आतला कागद वाचून दे. इतकं बारीक आहे की डोळे फुटायची वेळ आली."

बारीक वाचणं हीच मामांची रोजीरोटी. औषधांची खोकी आणि आतली घडीची माहितीपत्रकं छापणाऱ्या छापखान्यात ते सत्तावीस वर्षं प्रुफं तपासत होते. त्यांच्या कामात एक टिंब घसरलं की दीड मिलिग्रॅमचे पंधरा होतात, आणि ते गिळणारा माणूस छापखान्याला विचारायला येत नाही. सत्तावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून दोन चुका सुटल्या होत्या. दोन्ही त्यांना तारीखवार पाठ होत्या.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग काढलं आणि कागद उलगडला. तिसऱ्या ओळीलाच त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"हा कागद या औषधाचा नाहीच. यात बाटलीतून सिरिंज कशी भरायची ते लिहिलंय. तुझ्याकडे बाटली कुठाय?"

"चुकून दुसरा पडला असेल."

"पडतो चुकून. तसं झालं की कंपनी लाखभर खोकी परत मागवते." त्यांनी खोकं हातात घेतलं. "फ्रिजमध्ये ठेवा असं यावर ठळक लिहिलंय. तुला कुठून काढून दिलं?"

"सरांच्या कपाटातून. टॉवेलांच्या मागून."

मामांनी खोक्याची बाजू उजेडात धरली, भिंग टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग भिंग भाचीच्या हातात दिलं.

"बॅच नंबर बघ. मुदतीची तारीख बघ. काय दिसतं?"

"ठिपके दिसतात. रंगीत."

"बाकीच्या अक्षरांसारखेच?"

"हो, तसेच."

"इथेच फसला चोर. बॅच नंबर आम्ही कधीच छापत नाही. ती जागा कोरी सोडतो. खोकी कंपनीत जातात, औषध भरलं जातं, आणि मग तिथलं मशीन त्या कोऱ्या जागेवर नंबर आणि तारीख उमटवतं. त्याची शाई वेगळी, अक्षर वेगळं, जरा तिरकंही असतं. इथे नंबर चित्रासकट छापलाय. म्हणजे अशी हजार खोकी असतील तर हजारांवर हाच एक नंबर."

भाचीचा चेहरा उतरला. "पेनावरचा बघू?"

पेनावरचा नंबर निराळाच निघाला. पेनाच्या लेबलाची कड नखाला लागत होती. मामांनी ती हळूच उचलली. खाली दुसरं लेबल होतं, निळं, अर्धं खरवडलेलं. कंपनीचं नाव गेलं होतं, पण राहिलेल्या चार अक्षरांवरून मामांनी ओळखलं. या प्रकारचं माहितीपत्रक त्यांनी आयुष्यात शंभरदा तरी तपासलं असेल.

"हे इन्सुलिन आहे," ते म्हणाले. "तू टोचून घेतलंस?"

"नाही. कागद वाचूनच घ्यायचं ठरवलं होतं." आणि मग तिचा हात तोंडावर गेला. "मामा, तिने आज घेतलं असेल. सरांनी पेनाचं बटण अठरा खटके फिरवायला सांगितलं होतं. उपाशीपोटी."

तीन वेळा फोन वाजून बंद झाला. चौथ्यांदा मैत्रिणीने उचलला. आवाज जड होता, दारू प्यायल्यासारखा. घरात एकटी होती. घाम येतोय, म्हणाली, हात थरथरतोय, पण सर म्हणाले होते की असं होतं, म्हणून आडवी झालेय.

मामांनी फोन हिसकावून घेतला. मामा काही डॉक्टर नव्हते. पण घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, झोप, बेशुद्धी, हा क्रम त्यांनी इतक्यांदा वाचला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता. त्यापुढची ओळही त्यांना पाठ होती.

"पोरी, मी हिचा मामा बोलतोय. ऊठ. स्वयंपाकघरात जा. साखरेचा डबा काढ आणि साखर खायला लाग. चमचा शोधू नकोस, हाताने खा. फोन ठेवू नकोस. आता दाराची कडी काढ. काढलीस? आता खाली बस आणि खात राहा."

भाचीने दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. ती दोघं मैत्रिणीच्या घरी पोहोचली तेव्हा रुग्णवाहिकेतली माणसं तिला स्ट्रेचरवर घेत होती. तिच्या हनुवटीला, केसांना, बोटांना साखर चिकटली होती. तिने भाचीकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

हॉस्पिटलात तिला ग्लुकोजचं सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत ती नीट बोलायला लागली. तरी दोन दिवस देखरेखीखाली ठेवतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेन पाहिलं, लेबल पाहिलं आणि मामांना बाजूला घेतलं. "साखर पोटात गेली म्हणून निभावलं. आणखी तासभर कुणाचा फोन आला नसता तर आपण वेगळंच काही बोलत असतो." औषध निरीक्षकांना त्यांनी तिथूनच कळवलं.

रविवारी सकाळी मामा जिममध्ये गेले. भाची बरोबर होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा ठिकाणी शिरले होते. भिंतभर आरसे, रबराचा वास, आणि कोपऱ्यात ते टॉवेलांचं कपाट. सर म्हणजे तिशीचा, पिळदार अंगाचा, गोड बोलणारा माणूस निघाला. मैत्रिणीला काय झालं ते ऐकून तो आधी हसला.

"काका, पहिल्या डोसला थोडी चक्कर येतेच. औषध लागू पडतंय म्हणायचं."

"आणखी कुणाला आली?"

"दोघीतिघींना. मी सांगितलं, घाबरू नका, चरबी वितळतेय."

मामा शांत स्वभावाचे म्हणून ओळखले जात. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर तेच माफी मागत. पण हे ऐकून त्यांचा आवाज चढला. "बाई घामाने निथळून कोसळतेय आणि तू तिला चरबी वितळल्याचं सांगतोस? तुला माहीत होतं पेनात काय आहे?"

"मला वरून माल येतो. सीलबंद असतं. मी काय उघडून बघणार?"

"बघायचं होतंस. विकताना हात लावलास ना त्याला? मग डोळेही लावायचे होतेस. कितीजणांना दिलंस?"

त्याने फोनमधली यादी चाळली. "या दोघींना सोडून सतरा."

"काढ फोन. एकेकाला लाव आणि तुझ्या तोंडाने सांग. हे इन्सुलिन आहे, टोचू नका, टोचलं असेल तर गोड खा आणि हॉस्पिटल गाठा. निरीक्षक येतील तेव्हा येतील. मी इथून हलणार नाही."

"अहो, माझं नाव खराब होईल."

"त्या मुलीने काल मला ओळखलं नाही," भाची म्हणाली. तोवर ती एक शब्दही बोलली नव्हती. "रोज माझ्या शेजारी बसते ती. तुमच्या नावाचं आम्हाला काय कौतुक?"

मामा व्यायामाच्या बाकावर बसले. सरांनी पहिल्या दोन फोनना "थोडा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून पाहिलं. मामांनी दोन्ही वेळा फोन पुन्हा लावायला लावला. "प्रॉब्लेम नाही. इन्सुलिन म्हण." पाचव्या फोनवरच्या बाईने त्याला अशा शिव्या घातल्या की समोरच्या आरशापर्यंत ऐकू गेल्या. अकराव्या नंबरवर एका म्हाताऱ्या बापाने फोन घेतला. मुलगी कालपासून दवाखान्यात होती आणि तिला काय झालं ते कुणाला कळत नव्हतं. त्या फोननंतर सरांचा आवाज फाटला. त्याने बाकीचे सहा फोन मान खाली घालून केले.

निरीक्षक दुपारी आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, पण कामाला पक्क्या बाई. सरांकडून त्यांना एक नाव मिळालं, तेही खोटं, आणि एक बंद पडलेला नंबर. "हे वरचे लोक नेहमी असेच हवेत विरतात," त्या म्हणाल्या. "छपाई कुठे झाली ते कळलं असतं तर धागा मिळाला असता."

हे ऐकून मामांना काहीतरी आठवलं.

चारेक महिन्यांपूर्वी एक माणूस छापखान्यात नमुन्याचं खोकं घेऊन आला होता. असंच हुबेहूब करून द्या, म्हणाला होता, बॅच नंबरासकट. कंपनीचं पत्र मागितल्यावर तो चुळबुळला, आणि मालकांनी त्याला वाटेला लावलं. मामांनी ते सगळं पाहिलं होतं. आणि काय केलं होतं? पुढचे दोन दिवस चहाच्या वेळी त्या माणसाच्या अडाणीपणाची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. बॅच नंबर छापा म्हणे.

सोमवारी ते थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले.

"आपण छापलं नाही ना? मग झालं," मालक म्हणाले. "पोलिसांच्या फेऱ्यात कोण पडतं, मामा? आपले हात स्वच्छ आहेत."

"हात स्वच्छ आहेत, कारण आपण ते झटकले. त्याला नाही म्हटलं आणि दुसऱ्याच्या दारात पाठवला. तेव्हाच एक फोन केला असता तर ती मुलगी साखरेत तोंड खुपसून बसली नसती. तुमच्यावर एकट्यावर ढकलत नाही. मी तर हसलो होतो."

"त्याचं काही आहे कुठे आपल्याकडे?"

"डिझाइनची फाइल त्याने मेलवर पाठवली होती. तुम्ही मेल कधी पुसत नाही, मला माहीत आहे."

मालकांनी संगणक स्वतःकडे वळवला आणि शोधायला लागले. मेल सापडला. खाली दुकानाचा पत्ता होता, अत्तराच्या बाटल्या विकणाऱ्या दुकानाचा.

नऊ दिवसांनी निरीक्षकांनी तिथे धाड घातली. मागच्या खोलीत इन्सुलिनची पेनं पोत्यात भरली होती, बाजूला लेबलांची रिळं आणि केस वाळवायचं यंत्र, जुनी लेबलं सोडवायला. दोघे सापडले, तिसरा पळाला. खोकी छापून देणाराही सापडला. दोन गल्ल्या पलीकडचा, मामांच्या तोंडओळखीचा.

छपाई ओळखायला मामांना निरीक्षकांच्या कार्यालयात बोलावलं, तेव्हा तो छापणारा बाकावर बसलेला होता. मामांना बघून त्याला धीर आल्यासारखा झाला.

"तुम्हीच सांगा यांना, मामा. आपण काय, गिऱ्हाईक देईल ते छापतो. आतलं आपल्याला काय कळतं?"

"बॅच नंबर छापताना तुला काहीच वाटलं नाही?"

त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"वाटलं होतं," मामा म्हणाले. "वाटलं नसतं तर आत्ता पटकन नाही म्हणाला असतास."

धाड पडली त्या आठवड्यात मैत्रीण कामावर परतली. भाची आपल्या आधीच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेली आणि सांगितलेल्या तपासण्या करून घेतल्या. बहिणीला मामांनी सगळं सांगितलं, भाचीच्या परवानगीने, आणि ताटाकडे बघायचं बंद कर हेही सांगितलं. बहीण दोन दिवस रुसली.

निरीक्षकांसमोर मामांनी आपला जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. चार पानं झाली. चहाच्या वेळी केलेली ती नक्कलही त्यात होती. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "ही शेवटची दोन पानं लागत नाहीत. यात तुमचा काही गुन्हा नाही. दोन पानांत भागतं."

"राहू द्या चार," मामा म्हणाले, आणि प्रत्येक पानावर सही केली.