मुरांब्याच्या बरणीवरचा करार

मी लग्नाचा करार बोलतोय, आणि तोही अर्धा. मेंढीच्या एकाच कातड्यावर वकिलाने मजकूर दोनदा लिहिला आणि मधून नागमोडी सुरी चालवली. एक अर्धा नवऱ्याकडच्यांना, एक नवरीकडच्यांना. त्या सुरीची भीती माझ्या कडेतून अजून गेलेली नाही.

एडमंडसाहेबांच्या मागे ऑल्डकमचं घर, गिरणी आणि कुरणं त्यांच्या पत्नीला, अर्सुलाबाईंना, हयातभर मिळावीत, असं माझ्यात लिहिलंय. पण लग्नाच्या दिवशी मरणाचं कलम कोण वाचतो? सगळे मेजवानीवर तुटून पडले होते.

मग राजा आणि पार्लमेंटची लढाई जुंपली. एडमंडसाहेब तिकडेच पडले आणि धाकटे दीर जर्व्हेस मालक झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा जुळा भाऊ आगीत टाकला. जळक्या कातड्याचा वास घरभर पसरला. आता मी सापडलो, की बाई आणि त्यांची तीन वर्षांची लेक डोरोथी रस्त्यावर.

जर्व्हेसनी बाईंच्या पेट्या उपसल्या, गाद्या उसवल्या. मी कोठीत होतो. मजकूर आत दुमडून बाईंनी मला नासपतीच्या मुरांब्याच्या बरणीवर बांधलं होतं. बरण्यांवर कातडंच बांधायची रीत, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण सासऱ्यांची मेणाची मोहर माझ्या टोकाला लटकलेली, ती आत बरणीत लोंबत होती. ती तुटली तर मी नुसतं कातडं. पावलं वाजली, की माझा जीव टांगणीला लागायचा.

एका दुपारी जेवताना जर्व्हेस म्हणाले, "वहिनी, शोधून शोधून तोंड कडू झालं. तुमचा मुरांबा तरी आणा."

बरणी मेजावर आली. ते सुरी घेऊन सरसावले.

"राहू द्या भाऊजी, हात चिकट होतील."

"माझ्या हातांची काळजी कधीपासून?"

"हातांची नाही, मेजावरच्या कापडाची."

शेजारी बसलेले पाद्री हसले. बाईंनी सुतळी सोडली आणि मोहर मुठीत धरून मला उचललं. दुसऱ्या हाताने बरणी जर्व्हेसच्या ताटाशेजारी सरकवली. जर्व्हेस बोटं चाटत म्हणाले, "झकास. घर सोडताना कृती लिहून ठेवा."

पुढच्या महिन्यात कोर्ट भरलं, तेव्हा बाईंनी मला तिथे मांडलं.

"इतके दिवस हा होता कुठे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भाऊजींच्या ताटाशेजारी," बाई म्हणाल्या. पाद्र्यांनी मान डोलावली. आपल्याच बापाची मोहर जर्व्हेसना नाकारता आली नाही. घर राहिलं.

आता माझ्यावर बरणीचा गोल डाग आहे आणि मी बाईंच्या पेटीत पडून असतो. आज वकील पुन्हा आलाय. डोरोथी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. सुरीचा आवाज ऐकला आणि मी शहारलो.

बाईंनी लेकीच्या हातात तिचा अर्धा दिला, आणि सोबत एक रिकामी बरणी. डोरोथी हसली. "आई, तिकडे बरण्या नसतील का?"

हसू नकोस, पोरी. घेऊन जा.