समुद्राकाठची बासी

गुलाबचंदने फडक्याची गाठ सोडली, वरची पोळी नाकाशी नेली आणि उलटी करून पाहिली. कडेला हिरवट बुरशी धरली होती. खालच्या पोळ्यांचीही तीच गत. त्याने गाठ पुन्हा तशीच बांधली.

"फेकून द्या ना बाबूजी," रिंकी म्हणाली. "दवनीवाड्याच्या पोळ्या लंकेत किती दिवस टिकतील?"

"तुह्या काकीनं तेल लावून देल्या होत्या."

"इथं लोखंड गंजून राहिलं हवेनं. पोळ्यांचं काय घेऊन बसले?"

गाठोडं त्याने मांडीजवळ ठेवून घेतलं.

दोघे पडवीत चटईवर बसले होते. समोर नारळाची झाडं, त्यांच्यापुढे वाळू, आणि पुढे समुद्र. माणूस कुठे दिसत नव्हता. उपडी घातलेली एक होडी होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. लाट यायची, जायची. कालही गुलाबचंद इथेच बसून हे पाहत होता. पाहण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या बायकोला, शामकलाला, हेच हवं होतं.

गावचे लोक जगन्नाथपुरीला गेले तेव्हा शामकलाने पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. पाहिला म्हणजे लोकांच्या डोक्यांमधून जेवढा दिसला तेवढा. गर्दीत तिची एक चप्पल वाहून गेली. उरलेली हातात धरून ती म्हणाली होती, "समुद्र चांगला आहे. फक्त माणसं नाई पाहिजे होती." रिंकीला नागपूरच्या बँकेत नोकरी लागली तेव्हा तिला मायचं ते बोलणं आठवलं. इंटरनेटवर शोधून तिने हे घर काढलं. शांत किनारा, आणि घरची बाई तिथलं जुन्या पद्धतीचं जेवण रांधून घालते. तिघांचे पासपोर्ट काढले. पासपोर्ट आले तेव्हा शामकला दवाखान्यात होती. तिथून ती परत आली नाही.

वर्ष झाल्यावर रिंकीने बापाला दोनदा विचारलं नाही. तिकिटं काढली आणि सांगितलं.

"रावणाच्या गावी चालला का गा?" शेजारचा केशोराव म्हणाला होता. "शेपूट बांधून ठेवजो. आन् तिकडं तं लोक तीन टाइम भातच खातेत म्हणे. तू काय खाशीन, वाळू?"

केशोरावला टोमणा मारायला जागा होती. शामकलाचं पिंडदान करायला गुलाबचंद गयेला गेला होता. तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने एक खाण्याची वस्तू जन्माची सोडावी लागते. शहाणी माणसं ते आधीच ठरवून जातात. केशोरावने बापाच्या नावाने फणस सोडला होता, आणि फणस त्याने आयुष्यात कधी चाखलेला नव्हता. गुलाबचंदला हे कोणी सांगितलं नाही. पंड्याने विचारलं, "सबसे प्यारी चीज़ बोलो." तो म्हणाला, "भात."

पंड्याचा हात थांबला होता. "कहाँ से आए हो?"

"गोंदिया."

"धान का इलाका है. सोच लो."

गुलाबचंदने विचार केला नाही. हातावर पाणी घेतलं आणि सोडलं.

घरी कोठ्या धानाने भरलेल्या, आणि हा पोळ्या खातो. धाकट्या भावाच्या घरून रोज त्याच्यासाठी वेगळ्या पोळ्या यायच्या. लग्नात, तेरवीत पंगत भातावर आली की हा पाण्याचा पेला घेऊन उठायचा. लोक आधी हसले, मग गप्प झाले. वर्षभरात त्याच्या गळ्याची हाडं वर आली. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबू लागला.

रिंकीला वाटलं होतं, परदेशात गेल्यावर तरी सुटेल. पण इथे सकाळी शेवया तांदळाच्या, संध्याकाळी आप्पे तांदळाचे. तो प्रत्येक वेळी बोटाने दाखवून विचारायचा, "कायचं पीठ?" आणि ताट सरकवून द्यायचा. नाक्यावरचा पाव आणि केळी, यावर त्याचे दिवस चालले होते.

घरची बाई आतून आली. वयाने शामकलाएवढीच. रिंकी तिला अम्मा म्हणायची, आणि दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायच्या. आज तिच्या हातात मातीचं गाडगं होतं. तिने ते चटईवर ठेवलं. बाजूला चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि वाटीत मीठ. म्हाताऱ्याकडे पाहून ती काहीतरी म्हणाली आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला.

"म्हणते, रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवला होता," रिंकी म्हणाली. "पोटाले थंड असते. यांच्या शेतातले लोक सकाळी हेच खातेत." तिने गाडग्यात वाकून पाहिलं. "बाबूजी, ही तं आपली बासी आहे!"

गुलाबचंदने मान पुढे केली. पांढरट पाण्यात भात बुडालेला होता. वरून नारळाचं दूध घातलं होतं. आंबूस वास त्याच्यापर्यंत आला. तो पुन्हा मागे सरकून बसला.

"खा तू."

"बाबूजी."

"खा म्हणलं ना."

"इतक्या दूर आलो. इथं कोण पाहून राहिलं? पंड्याले काय दिसते?"

"पंड्याले नाई दिसत."

"मग? माय असती तं तिनं हेच खाल्लं असतं."

"तुह्या मायले खाता येत नव्हतं," तो म्हणाला.

मायला साखर निघाली आणि डॉक्टरने भात बंद केला, तेव्हा रिंकी शाळेत होती. त्यानंतर माय चुलीवर सगळ्यांचा भात शिजवायची आणि स्वतः ज्वारीची भाकर घेऊन बाबूजींसमोर बसायची. भाकर ताटात तशीच राहायची. तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे. कसा झाला, विचारायची. ते "चांगला" म्हणाले की चिडायची. "असं नाई. नीट सांगा." मग ते सांगायचे, मोकळा झाला की गिचका, नव्या धानाचा वास आहे की गेला. "आन् कांदा जोरानं चावा," ती हसून म्हणायची. "मले आयकू तं येऊ द्या."

"तिनं इतकी वर्षं काढली," गुलाबचंद म्हणाला. "माह्यानं होत नाई का?"

"तिले डॉक्टरनं सांगितलं होतं. तुम्हाले कोणं सांगितलं?"

अम्मा दाराशी उभी होती. भाषा कळत नसली तरी भांडण कळत होतं. ती आत निघून गेली.

"तुम्ही असे सुकत चालले तं मी कोणासाठी सुट्टी घेऊ?" रिंकी म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिथेच बसला. "आता मीही नाई खात."

लाट आली आणि गेली. कुत्रं उठलं, अंग झाडून दुसऱ्या कुशीवर पडलं.

गुलाबचंदने गाडगं तिच्याकडे सरकवलं. "अन्नावर राग नको काढू. त्या बाईनं रात्री भिजवलं." मग त्याने बुरशी लागलेल्या पोळ्यांचं गाठोडं उचलून पडवीच्या टोकाला ठेवलं, पावाचा तुकडा घेतला आणि लेकीच्या अगदी समोर मांडी घालून बसला.

रिंकीने डोळे पुसले. गाडग्यात हात घातला. एक घास खाल्ला, मग दुसरा. पावाचा तुकडा त्याच्या हातातच होता. तो तिच्या हाताकडे पाहत होता.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"चांगला आहे."

"असं नाई. नीट सांग."

रिंकीचा हात घासावरच थांबला. तिने बापाकडे पाहिलं. तो वाट पाहत होता.

"दाणा जाड आहे," ती हळू म्हणाली. "लालसर. उसना असन, उकडलेल्या धानाचा. भिजून फुगला, पण मोडला नाई."

"आंबला?"

"थोडा. आपल्यासारखाच. नारळानं गोड लागते."

"मीठ?"

"मीठ... कमी आहे."

त्याने मिठाची वाटी उचलली आणि चिमूटभर मीठ स्वतःच्या हाताने गाडग्यात टाकलं.

"आता?"

तिने घास घेतला. "आता बरोबर."

गुलाबचंदच्या गळ्याचं हाड एकदा वर गेलं आणि खाली आलं. त्याने पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच कोणी न सांगता खात होता.

"कांदा घे," तो म्हणाला.

रिंकीने कांद्याची मोठी फोड उचलली आणि जोराने चावली.