पणजोबांच्या घरावरचं पाणी

बारकीची पन्नाशी उलटली होती, स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, पण तिला बारकी म्हणणारं एक माणूस अजून हयात होतं. ते म्हणजे तिची आत्या. दोघी एकत्रच राहायच्या. आत्याला घराण्याचा भारी अभिमान. तिच्या आजोबांचं घर म्हणे एवढं ऐसपैस, की पुढच्या दारातून मारलेली हाक मागच्या अंगणात ऐकू जायची नाही. आत्याने ते पाहिलेलं नव्हतं, वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. घर कुठे होतं म्हणाल, तर ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

बारकीने मनावर घेतलं. दुकान बंद असलं की ती जुन्या दप्तरांच्या कचेरीत जाऊन बसू लागली. आधी जन्मनोंदी चाळल्या. बऱ्याच खेपा घातल्यावर तिच्या स्वतःच्या आजोबांची, म्हणजे आत्याच्या वडिलांची, नोंद हाती लागली. बापाचा धंदा रंगारी, खाली गल्लीचं नाव. ती गल्ली आता शहरात नव्हती. म्हणून मग ती मोजणीच्या नकाशांकडे वळली.

नकाशांचं दालन वरच्या मजल्यावर होतं. उंच खिडक्यांतून दुधासारखा उजेड यायचा, कापडावर डकवलेले मोठाले कागद टेबलावर पसरले की खोलीत जुन्या खळीचा वास दरवळायचा. बारकी बोटाने गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायची. हे वळण, ही विहीर, हा बोळ. हिंडता हिंडता तिला डुलकी लागल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं, आता एखादं दार उघडेल, ओले हात पुसत कुणी बाहेर येईल आणि विचारेल, "कोण पाहिजे?"

एका दुपारी बोट थांबलं. तीच गल्ली. बोळाच्या टोकाशी एक चिमुकला चौकोन, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: रंगारी, खोली एक, मागे हौद. तिने पातळ कागदावर ती गल्ली गिरवून घेतली आणि आजच्या नकाशावर ठेवली. घर नेमकं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात पडत होतं.

संध्याकाळी तिने भीत भीत आत्याला सांगितलं.

"खोली एक?" आत्या म्हणाली. "लोकांना चष्मे देतेस, आधी स्वतःचा तपासून घे."

"तीनदा पाहिलं, आत्या."

आत्या बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बापाला सात भावंडं होती. सात आणि तो आठवा. वर रंगाच्या कढया." तिचे हात थांबले. "त्या खोलीत हाक ऐकू न येणारा कोपरा कुठून मिळायचा गं त्याला? म्हणून बांधला असेल मनात." आणि पदराने डोळे टिपून ती एकदम म्हणाली, "चल, दाखव मला."

बायकांच्या वेळेला दोघी गेल्या. पोहण्याचा पोशाख चढवताना आत्या कुरकुरली, "या वयात माझं बुजगावणं करून ठेवलंस." पण शिडीवरून पहिला पाय पाण्यात टाकला आणि ती वाकून तळाकडे पाहू लागली. छताच्या काचांतून ऊन उतरत होतं, तळाच्या फरशीवर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. बारकीने अंदाज घेऊन उथळ भागातला एक कोपरा दाखवला.

"इथे?"

"इथेच कुठेतरी."

आत्याने पायाने फरशी चाचपली, अंधारात कुणी झोपलेलं असावं तशी, जपून. मग बारकीने तिच्या पाठीखाली हात धरले आणि म्हटलं, "टाक अंग." जन्मात कधी न पोहलेली ती बाई हळूहळू आडवी झाली. कान पाण्यात बुडाले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. बारकीला वाटलं, आपल्या हातांवर आत्या नाही, एखादं तान्हं मूल आहे.

"अगं, खाली कुणीतरी भांडी लावतंय!" आत्या केवढ्यांदा तरी ओरडली. कान पाण्यात, आपला आवाज तिला कुठे कळायला! पलीकडच्या बायका हसू लागल्या.

बारकीनेही कान बुडवले. खोल कुठेतरी ठण् ठण् वाजत होतं. पाणी गाळायचा पंप होता तो, तिला ठाऊक होतं. तरी ती ऐकत राहिली, आणि पंपाचं बोलली नाही.

त्या आठवड्यात आत्याने बारकीने तयार केलेला वंशावळीचा कागद मागून घेतला. पणजोबांच्या नावापुढे बारकीने जागा कोरी सोडली होती, तिथे आत्याने ठसठशीत लिहिलं: रंगारी. मग तलावाची वर्षाची वर्गणी भरून आली. शिकवणारी मुलगी सांगते, आजी पोहायला काही शिकत नाहीत, नुसत्या कोपऱ्यात तरंगत राहतात. पण आताशा त्यांना पाठीखाली हात लागत नाही.