तांबडी उठेना

"उतरा की मामा खाली, मी बगतो," बिभीषण म्हणाला.

मायाप्पा उतरला नाही. त्यानं चावी पुन्हा फिरवली. पाय ब्रेकवर गच्च, पाती बंद ठेवायचा दांडा खाली, सगळं जिथल्या तिथं. तांबडीनं हूं केलं नाही की चूं केलं नाही. पुढचा दिवा तेवढा लागला. मायाप्पाला वाटलं, ती डोळे वटारून बघतेय.

तांबडी म्हणजे कॉलेजच्या मैदानावरची गवत कापायची गाडी. दिसायला ट्रॅक्टरचं पोर. वर माणूस बसतो, पोटाखाली पाती फिरतात. ज्या सोलापुरात नळाला पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं असली गाडी लागण्याइतकं गवत उगवावं हाच एक चमत्कार, आणि तो आपण एकट्यानं घडवला असं मायाप्पा गेली अकरा वर्षं सांगत आला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या साली त्यानं काडीकाडीचं बारसं केलं होतं आणि रोज सकाळी तो हजेरी घेत असे. दोन काड्या गैरहजर निघाल्या तेव्हा शेजारच्या म्हशीचा जबाब घेतला होता.

आज त्याला म्हशी सुचत नव्हत्या. उद्या सकाळी आठला सामने, आणि गवत घोट्याच्या वर. खेळाचे उदयसिंह सर सकाळपासून दोनदा येऊन गेले होते.

"मायाप्पा, बारापर्यंत गाडी चालू झाली नाही तर मी बाहेरून माणूस आणतो, गाडीसकट. मग तू गेटवर बस. खुर्ची आहे, पंखा आहे. किती दिवस उन्हात राबणार?"

सर प्रेमानंच बोलले होते. पण त्या गेटवरच्या खुर्चीत मायाप्पानं दोघांना बसलेलं पाहिलं होतं. तिथून उठून कुणी परत मैदानात आलं नव्हतं.

बिभीषण पंप आणि टिलर दुरुस्त करणारा. त्यानं बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी खरवडली, पेट्रोलचा वास घेतला, प्लग काढून पँटला पुसला, फ्यूज उन्हाकडं धरून एक डोळा मिटला. सगळं ठणठणीत. मायाप्पा तोवर गाडीभोवती फिरत होता. नळापर्यंत जायचा, पाणी न पिताच यायचा, टायरला लाथ घालायचा, झेंड्याच्या खांबाची सावली किती आखडली ते बघायचा.

"एका जागी बसा की मामा! तुमच्या फेऱ्यांनी मला चक्कर यायलीय."

"आरं, रुसलीय ती. आमच्या मंगळवेढ्याला आज्याचा मेंढा आसाच तीन वर्सं रुसून बसलेला. वैद्य झालं, देवरुषी झालं. शेवटी आज्यानं त्येला खांद्यावर घालून मेंढ्याच्या सासुरवाडीला न्येला, तवा उठला."

फुलझाडांना पाइप धरून उभी असलेली चंद्रिका खळखळून हसली. विणकराच्या घरची, अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून. "अय्यो मामा! रुसला नसंल की तो. तुमच्या गोष्टी ऐकून झोपला असंल!"

मायाप्पा पुन्हा सीटवर जाऊन बसला होता. बिभीषणानं त्याला हाताला धरून उतरवलं, स्वतः बसला आणि चावी फिरवली. तांबडी गर्जून उठली. झाडावरचे पारवे उडाले.

"आली की रं वळणावर!" मायाप्पानं टाळी वाजवली. बिभीषणानं गाडी बंद करून जागा दिली. मायाप्पा चढला, ब्रेक दाबला, चावी फिरवली.

काहीच नाही.

"ह्यो काय चावटपणा?" त्यानं पुन्हा फिरवली. नाही. गंमत म्हणून चंद्रिकेला बसवलं. तिनं पदर खोचला, बिभीषणानं दाखवला तसा ब्रेक दाबला, चावीला बोट लावलं न लावलं तोच तांबडी धडधडायला लागली.

"बगा, बाईमाणसाला मान देती!" चंद्रिका ओरडली.

मायाप्पा तिसऱ्यांदा बसला. तांबडी गप्प. आता बिभीषणाचं हसू ओसरलं. त्यानं मायाप्पाला उतरवून सीट उचलली. खाली स्प्रिंग होती आणि एक काळं बटण. ते त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि बराच वेळ अंगठा तिथंच ठेवला.

"मामा, वर माणूस बसलाय ह्ये गाडीला ह्या बटणावरनं कळतं. बटण दबलं न्हाय तर इंजिन सुरू व्हत न्हाय, चालू असलं तर बंद पडतं." त्यानं वर बघितलं नाही. "तुमी बसलाव तरी तिला वाटतंय, वर कोण न्हायच."

चंद्रिकेनं मायाप्पाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सोलापूरच्या फेब्रुवारीत त्याच्या अंगात स्वेटर, आणि त्याखाली दोन शर्ट. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं. "तांबडीवर वारा लई लागतोय" असं तो सांगायचा, आणि सगळे ऐकायचे.

"कवापासनं वाळलाव मामा?"

"दिवाळीपासनं." घरी बायकोला, बजाबाईला, तो कॅन्टीनमध्ये जेवलो म्हणायचा, कॅन्टीनवाल्याला घरी.

बिभीषण घाईनं म्हणाला, "त्यात काय एवढं! दोन वायरी काढून एकमेकीला जोडतो. मग सीटवर कावळा बसला तरी चालू व्हईल."

"जोड," मायाप्पा म्हणाला. "बिगी बिगी जोड."

बिभीषणानं पकडीनं वायर सोलायला घेतली. सावली खांबाच्या बुडाकडं सरकत चालली होती. मायाप्पा तिच्याकडं बघत होता. एकाएकी त्यानं पकडीवर हात ठेवला.

"थांब. ती कुत्र्याची गोष्ट ठावं हाय नव्हं तुमाला?"

ती कुणाला ठाऊक नव्हती! गेल्या पावसाळ्यात गाडीसमोर कुत्रं आलं, मायाप्पानं चालत्या गाडीवरून उडी टाकली आणि फिरती पाती एका हातानं धरून थांबवली. दर खेपेला कुत्रं वाढत गेलं आणि संक्रांतीपर्यंत त्याचा बिबट्या झाला होता.

"बिबट्या न्हवता," मायाप्पा म्हणाला. "कुत्रं बी न्हवतं. मला चक्कर आली. पडलो. ह्यो पाय पात्याच्या तोंडाशी. आन् गाडी आपसूक बंद पडली. ह्याच बटणानं."

चंद्रिका थांबली, आता काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. गोष्ट तेवढीच होती.

"वायर न्हाय जोडायची," तो म्हणाला. आणि चावी काढून त्यानं चंद्रिकेच्या हातात दिली. "बस."

"मी? अय्यो, मला काय येतंय?"

"तुला मानती ती. नजर त्या लिंबाच्या झाडावर ठेव. पात्याकडं बगितलंस की कापल्याला पट्टा वाकडा जातो."

चंद्रिकेनं चावी मुठीत घट्ट धरली. "बसते. पण सोमवारी तुमी माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. बजामावशीला आजच सांगायचं. बोला."

मायाप्पानं गवताकडं बघितलं. बिभीषणाकडं बघितलं. "व्हय," म्हणाला.

उदयसिंह सर आले तेव्हा तांबडी चालू होती, तिच्यावर चंद्रिका, आणि दहा पावलं पुढं मायाप्पा.

"हा काय प्रकार? मायाप्पा, तू खाली कसा?"

"खडं येचतोय सर. खडा पात्यात घावला तर गोळीवानी सुटतो." तो वाकला, खडा उचलून खिशात टाकला. "बारा वाजायला अजून पाच मिंटं हायत."

सर काहीतरी बोलणार होते, पण बिभीषणानं त्यांना बाजूला घेतलं.

पट्टा सरळ चालला होता. तिसऱ्या वळणानंतर मायाप्पाचं वाकणं हळू झालं. एकदा तो वाकला तो गुडघ्यावर हात टेकून तसाच राहिला. चंद्रिकेनं ब्रेक दाबला. लिंबाच्या झाडावर नजर लावून ती बसून राहिली, तो पुन्हा चालू लागेपर्यंत.