तिसऱ्यांदा विचारलंच नाही

पुढची दोन्ही चाकं बर्फात रुतली आणि गाडी वळणावरच थांबली. मी जोर दिला तशी चाकं नुसतीच गरगरली. अशा वेळी जोर द्यायचा नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण शेजारी माझे सासरे, आगाजान, डावा दंड चोळत बसले होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सकाळी त्यांच्या हातून चहाचा पेला निसटला होता. "काही नाही, हात जरा जड झालाय," म्हणाले. मी लगेच गाडी काढली. नवरा, सियामक, कामाला तेहरानात. डॉक्टर खाली शहरात, आणि आमच्या डोंगरातून खाली जायला हा एकच कच्चा रस्ता. तशातही आगाजाननी डॉक्टरांसाठी अक्रोडांचं पोतं मागच्या सीटवर चढवायला लावलं. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नसतं म्हणे. मग छाती बंद पडेना का!

"दमलीस का गं, सूनबाई?"

"तुम्ही बोलू नका, आगाजान. स्वस्थ बसा."

दरीत फोनला रेंज नव्हती. मी उतरले. आधी सायलेन्सरसमोरचा बर्फ काढला, नाहीतर धूर आत भरला असता. मग फावड्यानं चाकं मोकळी करायला लागले. तेवढ्यात खालून ट्रॅक्टर आला. खालच्या वाडीचा जहांगीर मेंढरं आणायला वरच्या कुरणाकडे निघाला होता. माझा जीव भांड्यात पडला.

"सलाम, आगा फरामर्ज! ओढू का गाडी?"

आगाजाननी काच खाली केली. "छे छे, तुला कशाला त्रास! मेंढरं वाट बघत असतील."

"मेंढरं कुठं पळून चाललीत? दोर आहे माझ्याकडं."

"नको रे राजा. म्हाताऱ्याला लाजवू नकोस."

दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जहांगीरही तिसऱ्यांदा विचारणारच होता. पण आगाजानच्या भिडस्तपणाला त्या दिवशी ऊत आला होता. पोराच्या मनाला बोचणी लागू नये म्हणून ते म्हणाले, "अरे, सियामक येतोय मोठी गाडी घेऊन. पोचेलच इतक्यात."

"मग काय, काळजीच मिटली!" जहांगीर हसला आणि ट्रॅक्टर चढाला लागला. मी फावडं टाकून मागे धावले, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. इंजिनाच्या धडधडाटात त्याला काही ऐकू गेलं नाही.

"सियामक येतोय?" मी परत येऊन खिडकीत ओरडले. "कुठून येतोय? आभाळातून?"

"तो परत परत विचारत होता गं. बरं दिसेना."

लग्न होऊन आल्यापासून मी या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. "तुमच्या या बरं दिसण्यापायी एक दिवस जीव जाईल!" मी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. बाहेर मरणाची थंडी आणि त्यांना घाम.

चाकांखाली पायपुसणी घातली. ती चाकांनी मागे भिरकावून दिली. मग मी पोतं खाली ओढलं.

"अगं, डॉक्टरांचे अक्रोड!"

"डॉक्टरांना मी तुम्हाला देणार आहे. तेवढं पुरे."

दोन्ही चाकांपुढे अक्रोड ओतले, बुटांनी दाबून बसवले. दुसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. कवचं कडाकडा फुटली, चाकांना पकड मिळाली, गाडी हातभर पुढे सरली. आणि तिची शेपूट दरीकडे वळली.

मी ब्रेक दाबला. गाडी तरीही थोडी घसरली, मग थांबली. आगाजानच्या दाराबाहेर मला रस्ता दिसत नव्हता, नुसतं धुकं दिसत होतं.

"माझ्या बाजूला सरकता येईल?" मी विचारलं.

"बघतो," म्हणाले, पण हलले नाहीत. ब्रेकवरचा पाय काढायची माझी हिंमत होईना. पोटरी थरथरायला लागली. बर्फ पुन्हा सुरू झाला. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. मी देवाला शिव्याही घातल्या आणि नवसही बोलले.

मग वरून धडधड ऐकू आली. जहांगीर ट्रॉलीत मेंढरं भरून परत येत होता. डोंगराच्या अंगानं ट्रॅक्टर काढून तो आमच्यापुढे थांबला. गाडीची अवस्था बघून त्याचं तोंडच उतरलं.

"अजून आला नाही सियामक?"

मी तोंड उघडणार तोच आगाजान सवयीनं म्हणाले, "नको रे, तू कशाला..." आणि थांबले. श्वास लागला होता. नंतर जे बोलले ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"जहांगीर, मी खोटं बोललो. कुणी येत नाहीये. छातीत फार दुखतंय. ओढ मला इथून."

त्यानं एक शब्द विचारला नाही. पळत येऊन दोर बांधला. ट्रॅक्टरनं हिसका दिला, मागचं चाक कडेवर खरवडलं, गाडी कलली, मेंढरं कोकलली, आणि आम्ही रस्त्यावर आलो. डांबरी सडकेपर्यंत त्यानं आम्हाला तसंच ओढत नेलं. तिथं दोर सोडला आणि टपावर थाप मारली. "पळा, ताई!"

मी गाडी दामटली. "कधीपासून दुखतंय? सकाळपासून ना?"

"काल संध्याकाळपासून."

"काल?"

"पाहुणे जेवत होते ना गं. उठून कसं सांगायचं?"

काल माझ्याच माहेरची माणसं आली होती. हा माणूस त्यांच्यामधे बसून हसत हसत त्यांच्या ताटात भात वाढत होता आणि मी कौतुकानं बघत होते. माझे डोळे भरून आले. रस्ता दिसेना म्हणून बाहीनं पुसले.

दवाखान्यापुढे गाडी दारं उघडी टाकूनच सोडली. आत रांग होती. "बाजूला व्हा! आधी आम्हाला घ्या!" मी किंचाळले. लोक चटकन बाजूला झाले. आगाजानना स्ट्रेचरवर घेऊन आत न्यायला लागले तेव्हा मी दारापाशी थांबले. एरवी ते म्हणाले असते, जा पोरी, घरी जा, उगाच ताटकळू नकोस.

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"जाऊ नकोस. मला एकट्याला भीती वाटते."

"बाई, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," नर्स म्हणाली. मी तो हात सोडला नाही, आत गेले.