जीपचा सायलेन्सर

सयाजी गरोदर बहिणीला, साळूबाईला, जुन्या फियाटमधून मिरजेच्या दवाखान्यात नेत होता. इस्लामपूरजवळ ती बोलायची थांबली. त्याचंही डोकं गरगरत होतं. गाडी थांबवून त्यानं तिला बाहेर ओढलं. सायलेन्सर सडून धूर आत येत होता.

मोकळ्या हवेत साळूबाई शुद्धीवर आली, पण कळा सुरू झाल्या. रस्त्यावर दुसरी गाडी मिळेना.

समोरच्या गॅरेजमधला याकूब म्हणाला, "नवा कोल्हापुरास्नं आणावा लागंल. भंगारातल्या जीपचा जोडतो, स्वस्तात हुईल."

अर्ध्या तासात त्यानं वेल्डिंग केलं. तरी सयाजीला गाडीत बसवेना. "परत धूर आला तर?"

"मी बी येतो की," म्हणत याकूब पुढं बसला.

वाटभर साळूबाई कण्हत होती. त्या कण्हण्यानंच सयाजीला धीर येत होता. दवाखाना आला, तेव्हा तिनं स्वतःच दार उघडलं.