उलटा सातबारा

भूमेश्वरी गावाला माहितीपट फुकट दाखवायची, तरी बायकांना ते उलटेच दिसत. धानाच्या रिकाम्या गोदामात खिडक्यांना पोती लावून ती मधोमध पडदा म्हणून पांढरं धोतर ताणायची. समोर पुरुष बसत, त्यात तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर मनीराम, सगळ्यांच्या पुढे. भासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, ही जुनी रीत. मग बायका धोतराच्या मागे.

मागच्या दोन खेळांना ते चालून गेलं. माणसं उलटी दिसली म्हणून काय बिघडतं? पण आजचा माहितीपट जमिनीवर बाईचं नाव चढवण्याचा होता, आणि त्यातला सातबारा भूमेश्वरीला काहीही करून सासूला सरळ दाखवायचा होता. तुलसाबाईनं पन्नास वर्षं घरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी केली. नवरा गेल्यावर मात्र, पुढे केलेल्या कागदावर अंगठा देऊन मुलांच्या नावे हक्क सोडून मोकळी झाली.

भासऱ्यांशी थेट बोलायची सोय नव्हती. म्हणून सकाळी भूमेश्वरीनं म्हशीला ऐकवलं, "आज बायकायले समोर बसू द्याव."

मनीरामनंही म्हशीलाच उत्तर दिलं, "रीत काऊन मोडाची?"

दुपारी खेळ सुरू झाला. पडद्यावर सातबारा आला आणि मागून कल्ला उठला, "अक्षरं उलटी दिसून राहिली वो!"

"तुमाले वाचून का करायचं आहे?" मनीराम ओरडला. "चुपचाप पाहा ना!"

झालं! म्हातारीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नात सोनिकाच्या पुस्तकावर वर्षभर डोकं खपवून ती नुकतीच वाचायला शिकली होती. तरातरा वळसा घालून ती पुढे आली, मुलाच्या सतरंजीवर ठाण मांडलं आणि हाक दिली, "या वो पोरीहो, समोर या."

"माय, मी बसलो आहो ना इथं!"

"मंग तू जाय मागं. भासऱ्यानं अन् सुनेनं समोरासमोर बसू नाही, एवढीच रीत आहे. उठाचं कोनं, हे कोनं सांगतलं?"

भूमेश्वरीला हसू आवरेना. सकाळी म्हशीचं डोकं खाल्लं, पण हे काही सुचलं नव्हतं! मनीराम धोतर सावरत उठला, त्याच्यामागे बाकीचे भासरे, सासरे. दोन मिनिटांत गोदाम फिरलं. तिनं माहितीपट पुन्हा पहिल्यापासून लावला.

सातबारा आला. आता मागून मनीरामचा आवाज, "कोनाचं नाव आहे थे? आमाले उलटं दिसून राहिलं."

तुलसाबाईनं अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. नाव बाईचं होतं.

"आता आपल्या सातबाऱ्यावर कोनाचं आहे, थे तू सांग," ती म्हणाली.

धोतरामागे मनीराम खाकरला.

"म्हैस इथं नाही, म्हनून धोतरालेच सांगतो. सोमवारी मायले घेऊन तलाठ्याकडे जातो. नाव चढवाले का लागते थे इचारतो."

सगळ्या बायका एकदम हसल्या. तुलसाबाई मात्र हसली नाही.

"येतो," ती म्हणाली. "पन आता अंगठा नाही देनार. कागद वाचीन, मंग सही करीन."